उन्हाळी मका: बायांकडून टोकायचा, ढकलायच्या यंत्राने की ट्रॅक्टरने?

लाल कांदा निघाला की येवला-वैजापूरकडे रानं मोकळी होतात आणि मक्याची घाई सुरू होते. लावण कशी करायची, हे त्याच आठवड्यात ठरवावं लागतं. आमच्या घरच्या रानात तिन्ही प्रकार करून झालेत, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी दिवसांचं बघा. लावणीला फेब्रुवारीचा मध्य उलटला की तुरा (मक्याचा शेंड्यावरचा फुलोरा) थेट एप्रिलच्या उन्हात सापडतो. कोरड्या, तापलेल्या हवेत परागकण वाळतात आणि कणसं अर्धवट भरतात. त्यामुळे मजूर मिळेना म्हणून आठ दिवस थांबणं या हंगामात परवडत नाही.

बायांच्या टोकणीसारखं डोळस काम कुठलंच यंत्र करत नाही. ढेकूळ बाजूला सारून, ओल बघून, चार-पाच सेंटिमीटर खोल बी ठेवलं जातं. पण दिवसभर वाकून काम करायचं असतं. दुपारनंतर हात थकतात, एका जागी दोन-तीन बिया पडतात, पुढे विरळणी आली. शिवाय कांदा काढणीही याच दिवसांत असते, मग मजुरी चढते आणि लावण पुढे ढकलली जाते. अर्धा एकर असेल, घरची माणसं असतील, तर खुशाल टोका.

ढकलायचं टोकण यंत्र म्हणजे कडेने चोची असलेलं चाक. एक माणूस उभ्याने चालत दिवसात एकराच्या आसपास रान उरकतो. गादीवाफ्यावर ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या असतील तर मला हेच सगळ्यात सोयीचं वाटतं, नळी हलवावी लागत नाही. मात्र वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओल, नीट हवा. काळ्या रानात ओल जरा जास्त असली की चोच चिखलाने बुजते. चाक फिरत राहतं, डब्यात बी खुळखुळतं आणि जमिनीत काहीच पडत नाही. दर दहा-पंधरा पावलांनी चोची बघायच्या, काडीने मोकळ्या करायच्या. हा कंटाळा केला तर ओळीच्या ओळी रिकाम्या राहतात.

ट्रॅक्टरच्या प्लांटरमध्ये दोन जाती आहेत आणि भाड्याने बोलावताना कुठला येतोय, हे विचाराच. एकात खाचांची तिरपी तबकडी असते. बियांचा आकार खाचेत बसला नाही तर कधी दोन बिया उचलल्या जातात, कधी एकही नाही. दुसऱ्यात, म्हणजे न्यूमॅटिकमध्ये, हवेच्या ओढीने प्रत्येक छिद्राला एकच बी चिकटतं. तो सरस आहे. दोन्हींत खत पेटी असेल तर खत बियांच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून मातीआड पडतं. हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद आणि ४० पालाश या मात्रेतलं सगळं स्फुरद-पालाश आणि एक तृतीयांश नत्र लावणीलाच द्यायचं असतं, त्यामुळे ही सोय मोठी आहे.

पण ट्रॅक्टर जोरात पळवला की चांगलं यंत्रही बी चुकवतं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे भाड्याचा प्लांटर आला, चालकाला पुढचं गिऱ्हाईक गाठायचं होतं. दहाव्या दिवशी मी ओळीत टेप धरली. २० सेंटिमीटरवर बी म्हणजे १० मीटरला ५० झाडं हवीत, भरली ४१. आता हिशेब करा. ६० बाय २० सेंटिमीटरवर एकरी सुमारे ३३ हजार झाडं बसतात. शंभरात पाच जरी गेली तरी साडेसोळाशे झाडं कमी. कणसाला १०० ग्रॅम दाणा धरला तर दीड क्विंटलच्या वर माल गेला. २०२५-२६ च्या क्विंटलला २,४०० रुपये हमीभावाने ते जवळपास चार हजार होतात. भाड्यात वाचवलेले दोन-तीनशे रुपये यापुढे काहीच नाहीत.

म्हणून माझं मत असं: दोन एकरांच्या वर, सपाट आणि भुसभुशीत रान असेल तर न्यूमॅटिक प्लांटर बोलवा, पहिल्या ओळीला स्वतः मागे चाला, माती उकरून पाच मीटरला पंचवीस बिया मोजा आणि मगच पुढे जाऊ द्या. त्याहून कमी रान, बांधांचे तुकडे किंवा ठिबक असेल तर ढकलायचं यंत्र घ्या.

काहीही निवडलं तरी पिशवीतलं मूठभर बी नांग्यांसाठी, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागांसाठी, राखून ठेवा आणि उगवण दिसताच नांग्या भरून घ्या. उशिरा भरलेलं झाड शेजारच्या झाडांच्या सावलीत दबतं आणि त्याला नीट कणीस धरत नाही.