खाणीत दुसरा खेळाडू उतरवण्याआधी

"मित्राला घेऊन खेळता येईल का?" खाणकामाचा एकट्याने खेळायचा गेम लोकांच्या हाती गेला की आठवडाभरात हा प्रश्न येतोच. आमच्याकडेही आला. आम्ही तिघं गोव्यात डिचोलीत एका घराच्या माडीवर बसून काम करतो. गेल्या दोन वर्षांत मल्टिप्लेअरचे चार प्रकार आम्ही कच्चे बांधून पाहिले आणि त्यातले दोन बाजूला ठेवले. तुमचाही खाण आणि तळ सांभाळायचा गेम असेल आणि यातला कुठला प्रकार घ्यावा हे ठरत नसेल, तर आमचा हिशेब इथे मांडतो.

आधी गेमचा गाभा काय ते पाहू. वर तळ, त्याच्यावर ठराविक वेळाने चालून येणारी शत्रूंची लाट, खाली खाण, आणि या दोन्हींमध्ये धावणारा एकच माणूस. २०२२ च्या सप्टेंबरात आलेल्या 'डोम कीपर'मध्ये हा साचा फार नेटका उतरला आहे. त्याचं बीज २०२१ च्या 'लुडम डेअर' गेम जॅममध्ये, म्हणजे थोड्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात, पडलं होतं. लाट यायला वीस सेकंद उरलीत, वर पोचायला पंधरा लागतात, आणि समोरच्या भिंतीत कोबाल्ट चमकतोय. फोडू की परत फिरू? ही ओढाताण म्हणजेच हा गेम. बाकी बंदुका, अपग्रेड, राक्षस हे सगळं तिच्याभोवतीचं.

आता त्यात दुसरा खेळाडू घाला. पाच मिनिटांत दोघं काम वाटून घेतात: एक वर बंदुकीपाशी, एक खाली कुदळीपाशी. खालच्याला वर यायची गरज उरत नाही आणि वरच्याला दोन लाटांच्या मधे काही काम उरत नाही. ओढाताण संपली. आम्हाला हे चवथीच्या दिवसांत कळलं. घर भावंडांनी भरलेलं होतं, आरती झाल्यावर टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि जोड्या लावून खेळायला बसवलं. पहिला अर्धा तास आरडाओरडा होता. नंतर वर उभी असलेली मामेबहीण मोबाइल बघायला लागली. तिचा काहीच दोष नव्हता, तिच्यासाठी आम्ही कामच ठेवलं नव्हतं.

म्हणून कुठलाही मोड तोलताना पहिला प्रश्न हाच: त्या ओढाताणीचं काय होतं? नेटवर्क, सर्व्हर, खर्च हे त्याच्या मागून.

एका पडद्यावर दोघं

खर्चाने हा सगळ्यात हलका प्रकार, आणि आधी करावा असाही हाच. नेटवर्कची एक ओळ लिहावी लागत नाही. पण एक खेळाडू खोल आणि एक वर असल्यामुळे एक कॅमेरा पुरत नाही, पडदा दुभागावा लागतो. खाण उभी असते, त्यामुळे डावा-उजवा भाग केला तर दोघांनाही खोली नीट दिसते. गोडो या गेम बनवायच्या साधनात एकच जग दोन व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे दोन चौकटींत, दाखवता येतं, त्यामुळे हे काम चार दिवसांचं. खरा वेळ मेनूने खाल्ला. एकट्याच्या गेममध्ये अपग्रेडचा मेनू उघडला की वेळ थांबतो. दोघांत तसं थांबवलं की दुसरा चिडतो, नाही थांबवलं तर मेनू वाचताना तळ पडतो. शेवटी प्रत्येक मेनू ज्याच्या-त्याच्या अर्ध्या पडद्यात उघडेल आणि तीन बटणांत आटपेल असा नव्याने केला. तुमचा गेम मेनूंवर फार टेकलेला असेल तर इथेच महिना जाईल, हे धरून चला.

आणखी एक बारीक गोष्ट. दोघांना एकाच कीबोर्डवर बसवू नका. स्वस्त कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी गिळली जाते, आणि खेळणाऱ्याला वाटतं गेम बिघडलाय. निदान एक कंट्रोलर हवाच.

लांबच्या मित्रांचं काय, तर त्यालाही इथे आडवाट आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर २०१९ पासून 'रिमोट प्ले टुगेदर' आहे. एका पडद्यावर खेळायचा गेम त्यातून दूरच्या मित्राबरोबर खेळता येतो आणि विकत फक्त एकालाच घ्यावा लागतो. मात्र पलीकडे जातं ते चित्र, तेही सेकंदाला कित्येक मेगाबिटांनी. पणजीहून म्हापशाला ठीक चालतं. पावसाळ्यात नेट हेलकावे खायला लागलं की चित्र फुटतं, आणि नेमक्या लाटेच्या वेळी फुटलं की मग कोणी परत खेळायला बसत नाही. सोय म्हणून द्या, पण "ऑनलाइन मल्टिप्लेअर आहे" असं लिहून विकू नका.

इंटरनेटवरून सोबत

इथे दोन रस्ते फुटतात.

पहिला लॉकस्टेपचा. प्रत्येक मशीनवर तोच गेम चालतो आणि नेटवर्कवरून फक्त कोणी कुठलं बटण दाबलं एवढंच जातं. १९९७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स'ने मोडेमच्या काळात याच्याच जोरावर शेकडो सैनिक लढवले, आणि 'फॅक्टोरिओ'चे अवाढव्य कारखानेही याच पद्धतीने चालतात. अट एकच, पण कडक: सगळ्या मशीनवर उत्तर दशांशापर्यंत तेच यायला हवं. दशांशाच्या आकडेमोडीत एका प्रोसेसरवर किंचित फरक पडला, रँडम आकडा एकीकडे एकदा जास्त मागितला गेला, की दोन्ही खाणी हळूहळू वेगळ्या होतात. एकाच्या पडद्यावर राक्षस मेलेला, दुसऱ्याच्या पडद्यावर तळ फोडतोय. गोडोचं आयतं फिजिक्स ही हमी देत नाही. तयार झालेला गेम लॉकस्टेपवर न्यायचा म्हणजे तो पुन्हा लिहायचा. हजारो यंत्रमानव आणि माल वाहणारे पट्टे धावणार असतील तरच या रस्त्याने जा.

दुसरा रस्ता होस्टचा. एकाचं मशीन खरं, बाकीचे त्याचं ऐकतात. आमच्यासारख्या गेमला हा पुरून उरतो. हिशेब करून पाहा: ५० शत्रू, प्रत्येकाची जागा आणि जीव मिळून ८ बाइट, सेकंदाला २० वेळा पाठवले तर ८,००० बाइट. खाणीचा नकाशा सुरुवातीला एकदाच जातो, नंतर फक्त फुटलेल्या दगडांची खबर. मोबाइलच्या नेटवरही हे झेपतं.

दगड फोडताना मात्र लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा उशीर, जाणवतो, कारण या गेममध्ये हाताला सतत तेच काम. प्रकाशाला काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जाता येतं. गोव्याहून फ्रँकफर्टपर्यंत जाऊन-येऊन ६५-७० मिलिसेकंद तिथेच गेले, आणि केबल वळसे घेत जात असल्याने प्रत्यक्षात बरेच जास्त. प्रत्येक घावाला होस्टच्या होकाराची वाट पाहिली तर कुदळ चिखलात मारल्यासारखी वाटते. आम्ही असं केलं: तडा, धूळ आणि आवाज लगेच दाखवायचा, खनिज मात्र होस्टने हो म्हटल्यावरच पाडायचं. दोघांनी एकाच दगडावर एकदम घाव घातला तरी मग खनिज एकदाच पडतं.

आपल्याकडे बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडून मित्राला बोलावण्याचा जुना उपाय चालत नाही. स्टीमचे रिले, म्हणजे मधे राहून निरोप पोचवणारे सर्व्हर, वापरले तर ही अडचण सुटते. त्यांची केंद्रं मुंबई आणि चेन्नईतही आहेत. पण तोच गेम इच डॉट आयओ या दुसऱ्या दुकानावरही विकायचा असेल तर तिथे हे रिले नाहीत, याचा विचार आधी करा.

होस्टची उणीव उघड आहे: तो गेला की खेळ गेला. 'स्टारड्यू व्हॅली'तही शेत होस्टच्या मशीनवर राहतं, तो नसताना बाकीच्यांना त्या शेतात जाता येत नाही. जुलैत आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून प्रत्येक लाट संपली की आपोआप सेव्ह करा आणि तिथूनच पुन्हा जोडता येईल असं ठेवा.

वेळेचा अंदाज बांधताना इतरांचं पाहावं. 'स्टारड्यू' २०१६ च्या फेब्रुवारीत आला, मल्टिप्लेअर २०१८ च्या ऑगस्टमध्ये. गेम एरिक बॅरोन यांनी एकहाती केलेला, तरी नेटवर्कच्या कामाला प्रकाशक कंपनीची मदत लागली. खाणकाम आणि तळ-रक्षण दोन्ही असलेला 'द रिफ्टब्रेकर' २०२१ चा, आणि त्यात को-ऑप (सोबतीने खेळायचा मोड) आला २०२५ मध्ये. "दोन महिन्यांत घालू" असं गिऱ्हाइकाला सांगण्याआधी हे आकडे समोर ठेवा.

वरच्याला काम काय?

या प्रश्नाचं उत्तर नसेल तर वरचे दोन्ही प्रकार फुकट. 'डीप रॉक गॅलॅक्टिक' मला इथे गुरुस्थानी वाटतो. चार खाणकामगार, आणि कोणीही एकटा पुरा नाही. स्काउट दोरीने उंच भिंतीवरच्या खनिजापर्यंत पोचतो, पण तिथे उभं राहायला जागा नसते. इंजिनीअर खालून फळी चिकटवतो तेव्हा त्याचं काम होतं. कोणी कोणाला सांगितलं नाही तरी दोघं एकमेकांकडे बघायला लागतात.

आमचं उत्तर आम्हाला घराजवळ सापडलं. गोव्याच्या लोहखनिजाच्या खाणी उघड्या, पायऱ्यापायऱ्यांनी खोल जाणाऱ्या. भूजलाच्या खाली उतरलं की पाणी झिरपतं आणि पंप चालू ठेवावे लागतात. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर पाण्याने भरलेले खड्डे पाहतच या भागातली मुलं मोठी झाली. तेच गेममध्ये आणलं. ठराविक खोलीखाली पाणी शिरतं, पंप वर तळावर आहे, आणि बंदूक व पंप एकाच ऊर्जेवर चालतात. लाट आली की वरच्याने ठरवायचं, वीज बंदुकीला की पंपाला. पंप थांबला की खालच्याच्या पायाशी पाणी चढतं. ओढाताण परत आली, आता ती दोन माणसांच्या मधे आहे. पुढच्या वेळी त्याच मामेबहिणीने मोबाइल उचलला नाही. "वर ये, नाहीतर पंप बंद करते!" असं ती ओरडत होती.

तुमच्या गेमला पाणी शोभणार नसेल तर हवा, दिवा, वर-खाली नेणारा पाळणा, काहीही चालेल. खालच्याचा जीव वरच्याच्या हातात असला पाहिजे, आणि वरच्याचं गोळाबारूद खालच्याच्या पाठीवर.

आमनेसामने

एकाच खाणीवर दोन तळ, दोघंही खनिजाच्या मधल्या शिरेकडे बोगदे काढतायत. ओढाताण टिकवण्यात याच्याइतका सरस मोड नाही, कारण परत फिरलं तर समोरचा कोबाल्ट नेणार. खेळून आम्ही अक्षरशः उड्या मारल्या.

तरीही ऑनलाइन आमनेसामने आम्ही सोडला. समजा रोज ५०० जण तासभर खेळतात. चोवीस तासांत वाटले तर एका वेळी २०-२१ जण. त्यातल्या दहातल्या एकाने हा मोड उघडला तर जगभरात दोघं, एक ब्राझीलमध्ये आणि एक जपानमध्ये. जोडीदाराची वाट पाहत रिकाम्या लॉबीत थांबलेला माणूस गेमच मेला असं समजतो. शिवाय होस्टला मिळणारा फायदा, लबाडी, त्यासाठी भाड्याचे सर्व्हर, हे सगळं वेगळं. 'मिंडस्ट्री'मध्ये हा मोड चालतो, पण त्याचा कोड मुक्त आहे आणि सर्व्हर खेळणारे लोकच चालवतात. तेवढी माणसं पाठीशी नसतील तर आमनेसामने फक्त एका पडद्यावर ठेवा. तिथे तो सोनं आहे.

एकच खाण, आपापल्या वेळी

रोज सगळ्यांना एकाच सीडची (ज्या आकड्यावरून नकाशा बनतो त्याची) खाण, प्रत्येकाला एकच संधी, शेवटी गुणांची यादी. 'स्पेलंकी'च्या २०१३ च्या पीसी आवृत्तीतल्या रोजच्या आव्हानाने ही रीत रुळवली. खेळ एकट्याचाच राहतो, त्यामुळे ओढाताणीला धक्का नाही. लॅग नाही, आणि गुणांची यादी म्हणजे लीडरबोर्ड स्टीमवर आयता मिळतो. फक्त नकाशा बनवणारा कोड पूर्णांकांवर ठेवा, म्हणजे सगळ्यांना खरोखर तीच खाण मिळेल. दिवस जागतिक वेळेने मध्यरात्री बदलला तर आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात, ते सोयीचंच आहे. मित्राबरोबर खेळायची हौस याने भागत नाही, हे खरं. पण तीन आठवड्यांच्या कामात लोक एकमेकांशी गेमबद्दल बोलायला लागतात.

दोघा-तिघांचा चमू असेल आणि गेम विक्रीला लागला असेल, तर मी आधी रोजची खाण, मग एका पडद्यावरचा को-ऑप आणि आमनेसामने, आणि त्यावर लोक टिकले तरच होस्ट पद्धतीचा ऑनलाइन, याच क्रमाने जाईन. गेम अजून बाहेर पडायचा असेल तर आजच एक करा: खेळाडूच्या हालचालीचा कोड थेट कीबोर्ड वाचत असेल तर तो वेगळा काढा आणि "खेळाडू क्रमांक" ही गोष्ट सगळीकडे घाला. आम्ही हे उशिरा केलं आणि त्यात एक अख्खा पावसाळा गेला.

मग शनिवारी संध्याकाळी दोन माणसं आणून बसवा. तुम्ही मागे वही घेऊन बसा आणि कोण किती वेळ नुसता उभा होता तेवढंच लिहा.