दहा महिने, आठ खुर्च्या: आमच्या गल्लीतलं सुशीचं दुकान

गेल्या ऑक्टोबरात आम्ही तोक्योच्या पूर्वेला, निशी-कासाईला राहायला आलो. इथे भारतीय वस्ती मोठी, त्यामुळे कढीपत्त्यापासून तूरडाळीपर्यंत सगळं पायी जाऊन आणता येतं. स्टेशनवरून घरी येताना मागच्या गल्लीत एक जुनं सुशीचं दुकान लागतं. निळा कापडी पडदा, सरकतं लाकडी दार, काउंटरला आठ खुर्च्या आणि कोपऱ्यात चौघांचं एक टेबल. बाहेरून आतलं काहीच दिसत नाही, म्हणून पहिले तीन आठवडे आत शिरायचा धीर झाला नाही. नंतर मात्र महिन्यातून दोनदा तरी जातेय. दुकानाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहिल्या आहेत.

पहिल्यांदा जाणार असाल तर दुपारीच जा. दुपारी तीनच ताटं असतात: नामी, जो आणि तोकुजो, म्हणजे साधं, वरचं आणि खास. साध्यात आठ निगिरी (भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा काप), काकडीचा बारीक रोल आणि मिसो सूप. मी जायला लागले तेव्हा त्याचे 1,100 येन होते, आता 1,300 आहेत. 2025 साली तांदूळ फारच भडकला. त्या वसंतात सुपरमार्केटमध्ये 5 किलोची पिशवी 4,000 येनच्या वर गेली होती, तेव्हा ही वाढ मला पटते. भाताचा गोळा मात्र त्यांनी लहान केला नाही, हे मी लक्ष ठेवून पाहिलंय.

आणि या दुकानाची खरी कमाई तो भातच आहे. मी रत्नागिरीची, मासे खाऊनच वाढले, त्यामुळे सुरुवातीला माझं सगळं लक्ष माशाकडे. भाताची गोम कळायला दोन-तीन महिने गेले. इथला भात पांढराशुभ्र नसतो, किंचित तपकिरी असतो, कारण त्यात लाल व्हिनेगर घालतात. साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळून उरलेला चोथा मुरवून हे व्हिनेगर करतात. आइची प्रांतातल्या हांदा गावी नाकानो माताझाएमोन यांनी 1804 साली चोथ्यापासून व्हिनेगर करायला घेतलं, आणि तेच पुढे एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, सुशीवाल्यांकडे पोचलं. त्याचा आंबटपणा दातांना झोंबत नाही, मागून हळूच येतो. ताइशो (मालक-आचाऱ्याला सगळे असंच म्हणतात) लाकडी परातीत गरम भातावर ते ओततात आणि उलथन्याने भात कापल्यासारखा मोकळा करतात. ढवळला तर शीत मोडतं. निगिरी हातात घेतली की भात अंगाइतका कोमट लागतो, तोंडात टाकल्यावर लगेच सुटा होतो. साखळीच्या दुकानातला थंडगार, घट्ट गोळा आता मला खाववत नाही.

'कच्चा मासा कसा खाता?' असं घरचे अजून विचारतात. एदोची सुशी ही मुळात बर्फ नसतानाच्या काळातली. निगिरीचं श्रेय ज्यांना देतात त्या हानाया योहेईंचं दुकान 1820च्या दशकात र्‍योगोकुला होतं. तेव्हा मासा टिकवायचा तर मीठ लावा, व्हिनेगरमध्ये मुरवा, सोया सॉसमध्ये भिजवा नाहीतर शिजवा. आजही या दुकानात निम्म्याहून जास्त मासे असं काही ना काही संस्कार होऊनच पुढ्यात येतात. पोट बिघडलं का, तर दहा महिन्यांत एकदाही नाही.

याचा कस लागतो तो कोहादाला. तारलीच्या जातकुळीतला, चकचकीत चंदेरी, बारीक काट्यांचा स्वस्त मासा. तो चिरून, उघडून, मीठ लावून ठेवतात, धुऊन व्हिनेगरमध्ये बुडवतात आणि मग एखाददोन दिवस मुरू देतात. एका शनिवारी मी काउंटरच्या टोकाला बसले होते आणि ताइशो बांबूच्या चपट्या चाळणीवर मासे मांडत होते. वरून मीठ भुरभुरवताना हात चांगला फूटभर उंच, म्हणजे ते सगळीकडे सारखं पडतं. घड्याळ समोर होतं, पण दर थोड्या वेळाने एक मासा उचलून बोटाने दाबून बघत होते. किती वेळ ठेवता, असं विचारलं तर म्हणाले, माशाचा आकार, अंगातली चरबी आणि त्या दिवशीची हवा, तिन्ही बघून.

मे महिन्यात आई आली होती. तिला कच्चं नको होतं, तसं मी आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलं. ताइशोंच्या पत्नीने, ओकामी-सानने, तिला आधी मोठ्या पेल्यात गरम हिरवा चहा दिला. मग उकडलेली कोळंबी, अंड्याचा गोडसर थर, शिजवून वर दाट गोड रस लावलेला आनागो, म्हणजे समुद्रातली वाम, आणि शेवटी विचारून एक कोहादा. आईने तो खाल्ला, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अगं, काटे गेले कुठे याचे?" आईने विचारलेलं मी जपानीत सांगितल्यावर ताइशोंनी काउंटरवरून वाकून एक अख्खा मासा आणि त्याच्या पोटाकडचे केसासारखे काटे दाखवले. भाषा एकमेकांची येत नसताना ती दोघं पाच मिनिटं काट्यांवरच बोलत होती.

शाकाहारी मंडळींना मात्र मी हे दुकान सुचवणार नाही. काकडीचा रोल निर्धोक आहे, पण सुकवलेल्या भोपळ्याची कानप्यो आणि तळलेल्या तोफूची इनारी इथे माशाच्या दाशीतच, म्हणजे मासा उकळून काढलेल्या पाण्यातच, शिजते. सूपही तसंच. माझा नवरा शाकाहारी आहे, तो दोन रोल खाऊन माझी वाट बघत बसतो.

आता तक्रारी. पैसे फक्त रोख. जागा फक्त फोनवर, तीही जपानीत. बुधवारी बंद, कारण तोयोसुचा मासळीबाजार बऱ्याच बुधवारी बंद असतो, हे समजण्यासारखं आहे. पण भात संपला की साडेसातलाही पडदा आत घेतात, आणि मी दोनदा दारातून परतलेय. मार्चमध्ये घरपोच ऑर्डरींचे डबे भरत बसल्याने आम्हाला काउंटरवर पन्नास मिनिटं नुसत्या चहावर ठेवलं. आधी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेलो असतो. आणि एकदा रात्री मागवलेला उनी, म्हणजे समुद्री साळूचा नारिंगी गाभा, कडू निघाला. आकार टिकावा म्हणून त्याला तुरटीच्या पाण्यातून काढतात, ती चव जिभेवर राहिली होती. महागाचा घास वाया गेला याचं वाईट वाटलं. मी ते सांगितल्यावर बिलात तो लावला नाही, पण तेव्हापासून मी तिथे उनी मागवत नाही.

सध्या शिनकोचे दिवस आहेत. शिनको म्हणजे कोहादाचं पिल्लू, बोटाएवढं, आणि किमतीला मोठ्या माशाच्या कितीतरी पट. जुलैच्या सुरुवातीला एका निगिरीवर तीन मासे एकाला एक चिकटून बसवलेले होते, पातळ सायीसारखे. मागच्या शनिवारी दोनच पुरले. पुढच्या वेळी बहुतेक एकच असेल. मी सहा वाजताची खुर्ची सांगून ठेवलीय.