आधी तक्रार बंद करा, मग नवीन माल पाठवतो

ऑनलाइन घेतलेला माल खोटा निघाला, तुम्ही तक्रार टाकलीत आणि विक्रेत्याचा गोड निरोप आला की "सॉरी, नवीन माल लगेच पाठवतो, फक्त आधी तक्रार बंद करा", तर ती बंद करू नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. माझी हकिगत २०२१ ची आहे. पण परवा इथल्या मंडळातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी फोनवर आलेला निरोप दाखवला, तो जवळपास शब्दाला शब्द तोच होता. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथे ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशी, अंधार पडायला लागला की पोरं वेष करून घरोघर चॉकलेटं मागत फिरतात, आणि हौशी लोक अंगणात भुताखेतांची आरास मांडतात. पुण्यात गणपतीचे हलते देखावे बघत वाढलेल्या माणसाचं दुकानातलं तयार रबरी भूत टांगून काही समाधान होत नाही. मला शवपेटी करायची होती. वाटेवर कोणी आलं की झाकण करकरत उघडणार, आवाज येणार, आणि हवेच्या सिलिंडरच्या झटक्यानं आतला सांगाडा ताडकन उठून बसणार. अशा कामाचे तयार कंट्रोलर मिळतात, पण मला क्रम माझ्या मनासारखा हवा होता आणि एक जास्तीचं बटण हवं होतं. अगदी लहान मूल येताना दिसलं की ते दाबायचं, म्हणजे नुसतं झाकण हलेल, सांगाडा झोपून राहील.

जुळणी साधी होती. मधे एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सगळ्यांना हुकूम सोडणारा चिपेतला छोटा संगणक. हौशी लोकांच्या आर्डुइनो उनो बोर्डावर असते ती चिप. वाटेच्या तोंडाशी माणसाची हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर, आवाजासाठी मेमरी कार्डावरून एमपी३ वाजवणारं छोटं मोड्यूल, झाकणाला भंगारातल्या गाडीची वायपर मोटर, आणि हवेसाठी १२ व्होल्टचा, विजेनं उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. मायक्रोकंट्रोलरच्या पिनकडून २० मिलिअँपिअरच्या वर मागू नये, आणि वायपर मोटर सहज ४ अँपिअर खाते. म्हणून मधे मॉस्फेट, म्हणजे मोठा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच लागतो, आणि तोसुद्धा गेटला (हुकूम घेणाऱ्या पायाला) ५ व्होल्ट मिळाले की पूर्ण चालू होणारा, 'लॉजिक लेव्हल' जातीचा. मी आयआरएलझेड४४एन ठरवला. त्याचा सख्खा भाऊ आयआरएफझेड४४एन दिसायला हुबेहूब, पण त्याला पूर्ण चालू व्हायला गेटवर १० व्होल्ट लागतात. बंद होताना उलटा झटका बसू नये म्हणून मोटर आणि व्हॉल्व्ह दोघांवर उलटा डायोड टाकला, बारीक वायर वापरली नाही. सर्किटात गफलत नव्हती, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे विक्रेत्याचा सगळा भर तिथेच होता.

२०२१ म्हणजे चिपटंचाईचं वर्ष. अधिकृत वितरकांकडे एटीमेगा३२८पी शिल्लक नाही, पुढचा साठा ५२ आठवड्यांनी, अशी अवस्था. आणि त्याच वेळी एका मोठ्या बाजारपेठेच्या साइटवर एका दुकानात हवे तेवढे नग, वर 'ओरिजिनल', 'अमेरिकेतल्या गोदामातून'. चिप तिथून घेतोच आहोत तर मॉस्फेटही तिथूनच घेतले. सगळं मिळून ४० डॉलरच्या आत. आकडा मुद्दाम सांगतोय. एवढ्या रकमेसाठी कोणी हट्टाला पेटत नाही, यावरच हा धंदा उभा आहे.

गोदाम अमेरिकेतलं नव्हतं. 'लेबल तयार झालं' याच्या पुढे ट्रॅकिंग कित्येक दिवस सरकेना. ऑगस्टमध्ये मागवलेलं पाकीट सप्टेंबर सरता सरता आलं. उशीर हा निव्वळ ढिसाळपणा असेल असं तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. तक्रारीची, परताव्याची, बँकेची, सगळ्यांची मुदत त्या उशिरात गळत असते.

चिप प्रोग्रामरला (तिच्यात प्रोग्राम भरायच्या यंत्राला) लावली तर सही, म्हणजे चिपमध्ये असलेला तिचा ओळख क्रमांक, जुळेना. एटीमेगा३२८पी ची सही १ई ९५ ०एफ. माझ्या नगांनी दिली १ई ९५ १४, म्हणजे 'पी' नसलेली साधी ३२८. सेटिंगमध्ये नाव बदलल्यावर चालली आणि या कामाला तेवढी पुरेशीही होती, पण वर छापलेलं नाव तिचं नव्हतं. (२०१० मध्ये स्पार्कफन या नावाजलेल्या अमेरिकन कंपनीलासुद्धा एटीमेगा३२८ म्हणून खोट्या चिपांची खेप मिळाली होती, आणि त्यांनी त्या फोडून आत काय आहे ते जाहीर दाखवलं होतं. तेव्हा आपल्यासारख्यांची काय कथा!)

खरा घात मॉस्फेटनं केला. टेबलावर एलईडी लावून बघितलं, सगळं झकास. मोटर लावली तर झाकण रडतरखडत उठायला लागलं, आणि मॉस्फेट असा तापला की बोट टेकवेना. मीटर लावला: मोटर चालू असताना मॉस्फेटवरच दीड व्होल्ट पडत होते. ४ अँपिअरला दीड व्होल्ट म्हणजे ६ वॅट उष्णता. अस्सल नगाचा रोध ५ व्होल्टला फार तर २५ मिलिओहम, म्हणजे अर्ध्या वॅटच्याही आत. तो कोमटसुद्धा होत नाही. हे सगळं प्लायवूड आणि थर्माकोलच्या पेटीत, वरून कापसाची कोळिष्टकं आणि आसपास उभी मुलं. ४० डॉलरपेक्षा मला याचाच राग जास्त आहे.

नग ओळखायला घरी करता येते अशी परीक्षा आहे. मॉस्फेटला तीन पाय असतात: गेट, आणि प्रवाह ज्यांच्यातून येतो-जातो ते ड्रेन आणि सोर्स. गेट आणि ड्रेन एकमेकांना जोडायचे. ९ व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक १० किलोओहमच्या रोधकातून त्या जोडाला द्यायचं, ऋण टोक सोर्सला. मग जोड आणि सोर्स यांच्यातलं व्होल्टेज मोजायचं, म्हणजे नग साधारण किती व्होल्टला चालू व्हायला लागतो ते कळतं. आयआरएलझेड४४एन असेल तर १ ते २ च्या आसपास आकडा येतो. माझ्या नगांचा ४ ला टेकत होता. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवला तर छापलेलं नाव काळ्या रंगासकट कापसावर उतरलं आणि खाली घासलेल्या खुणा दिसल्या. आत कोण आहे ते अजून मला कळलेलं नाही. पंधरा-वीस डॉलरला मिळणारा पार्ट टेस्टर असेल तर तोही हे व्होल्टेज सरळ पडद्यावर दाखवतो. गंमत म्हणजे त्यातले बरेचसे टेस्टर एटीमेगा३२८ वरच चालतात.

मोजमापांचे फोटो जोडून साइटवर तक्रार टाकली. आधी उत्तर आलं, "प्रिय मित्रा, तुमचं सर्किट चुकलंय." मग व्हिडिओ मागितला. दिला, तर ट्रॅकिंग नंबरचा कागद शेजारी ठेवून पुन्हा काढा म्हणाले. तोही दिला. मग २० टक्के परत देतो, ठीक आहे का? नाही म्हटलं. आणि मग एकदम सूर बदलला: आमच्या गोदामाची चूक झाली, अस्सल माल जलद टपालानं आजच निघेल, फक्त तक्रार उघडी असली की आमची सिस्टिम नवीन ऑर्डर घेत नाही. सोबत ट्रॅकिंग नंबरसुद्धा आला, खरा, डाक खात्याच्या साइटवर दिसणारा.

हॅलोविन तोंडावर आलेलं. मला पैसे नको होते, मॉस्फेट हवे होते, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी तक्रार बंद केली.

ट्रॅकिंग पुढे सरकत राहिलं आणि एके दुपारी 'एडिसन, न्यू जर्सी, पोचतं केलं' असं दिसलं. टपालपेटीत काही नाही. पोस्टात गेलो, तिथल्या बाईंनी नंबर टाकून बघितला: पाकीट गावातच, पण दुसऱ्याच रस्त्यावरच्या पत्त्यावर गेलं होतं. पत्ता त्या सांगू शकत नव्हत्या, पण तो माझा नाही हे त्यांनी सांगितलं. या युक्तीत काहीतरी क्षुल्लक वस्तू तुमच्याच गावातल्या भलत्याच पत्त्यावर खरोखर पाठवतात. साइटवर ट्रॅकिंगमध्ये गावच दिसतं, घर नाही. मी पुन्हा तक्रार करायला गेलो तर साइटचं उत्तर तयार होतं: माल पोचलेला आहे, आणि बंद केलेली तक्रार पुन्हा उघडत नाही. बहुतेक ठिकाणी हाच नियम असतो.

आरास त्या वर्षी मॉस्फेटऐवजी रिलेवर, म्हणजे चुंबकानं हलणाऱ्या जुन्या धाटणीच्या स्विचवर उरकली. खटखट आवाज येतो, पण शवपेटीला तो शोभला.

पैसे क्रेडिट कार्डाच्या बँकेकडून परत मिळाले. अमेरिकेतल्या कायद्यानं, कबूल केलेला माल न मिळणं हीसुद्धा बिलातली चूक धरली जाते, आणि ते बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवायचं असतं. बऱ्याच कार्डांची स्वतःची मुदत त्याहून जास्त असते, पण त्यावर विसंबू नका. बँकेनं मागितलं ते हे: दुकानाच्या पानाचा त्या दिवसाचा फोटो, सगळे निरोप, मोजमापं आणि पोस्टातलं दोन ओळींचं पत्र. ते पत्र मी त्याच दिवशी मागून घेतलं होतं. झेलनं (इथली बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) किंवा पेपालच्या 'मित्र आणि कुटुंब' पर्यायानं पैसे दिलेत तर खरेदीचं असं संरक्षण मिळत नाही. विक्रेता सवलत देऊन तिकडे वळवायला लागला की तिथूनच मागे फिरा.

पूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घ्यायचो. खोटा माल तिथे नसतो असं मी म्हणणार नाही. पण जळका ट्रान्झिस्टर घेऊन दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभं राहता यायचं. या ऑनलाइन दुकानानं तर काही महिन्यांत नाव बदललं. फोटो तेच आहेत. एका फोटोत कोपऱ्यात निळ्या नेलपॉलिशचा अंगठा दिसतो, त्यावरून ओळखलं. यंदा आरास, देखावा, काहीही करत असाल आणि तुमचे मॉस्फेट अशाच दुकानातून आले असतील, तर मोटर जोडण्याआधी बॅटरी आणि रोधक काढा. आकडा ३ च्या वर आला तर त्याच दिवशी तक्रार टाका, आणि पैसे खात्यात जमा होईपर्यंत ती उघडी ठेवा.