हाताची ताकद: गुण देऊन पाहायची की विजेने?

मानेच्या मणक्याला इजा झाल्यावर हातात किती जोर उरलाय, हे पाहायची रुळलेली पद्धत म्हणजे प्रत्येक हाताच्या 5 स्नायूगटांना 0 ते 5 गुण देणं. यंत्र लागत नाही. पण 0 मिळाला की पुढे काहीच कळत नाही, आणि मला तेच खटकतं.

दुसऱ्या पद्धतीत मानेवर, त्वचेवरूनच, विजेचा क्षणिक झटका देऊन मज्जारज्जूपाशी नसांच्या मुळांना चेतवतात आणि स्नायूचं उत्तर ईएमजीवर, म्हणजे स्नायूतले विजेचे संकेत टिपणाऱ्या चाचणीत, बघतात. न हलणाऱ्या बोटांच्या स्नायूतही कधी बारीकशी लाट उमटते. ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. म्हणून रुग्णाला "मूठ वळायचा प्रयत्न करा" म्हणायचं. त्यासरशी लाट वाढली, तर मेंदूचा निरोप अजून थोडाफार खाली पोचत असावा. रोजच्या तपासणीला गुण पुरतात. 0 लिहिलेल्या हातासाठी मात्र मी दुसरीचाच आग्रह धरेन.