हातात हात यायला दोनशे पानं: स्लो-बर्न गे रोमान्सच्या वाटेला जावं का?

दिवसभराच्या कामाने डोकं शिणलंय, रात्री दोन पुरुषांची एखादी प्रेमकथा वाचावीशी वाटतेय आणि समोर तीन तऱ्हा आहेत. पहिली गंभीर साहित्यिक कादंबरी. तिचं सगळे कौतुक करतात आणि ती संपली की दोन दिवस कशात मन लागत नाही. दुसरीत नायक पंचविसाव्या पानावर अंथरुणात पोचतात आणि खरी गुंतागुंत त्यानंतर सुरू होते. तिसरीत दोनशे पानं उलटली तरी साधा हात हातात आलेला नसतो, आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही. मी तिन्ही वाचतो, पण माझा कल तिसरीकडे, म्हणजे हलक्याफुलक्या स्लो-बर्नकडे आहे. हा पंच अगदीच निष्पक्ष नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गंभीर कादंबरी आणि या रोमान्समधला पहिला फरक शेवटाचा. अशा विषयाची गंभीर कादंबरी हातात घेतली की माझ्या मनात एकच प्रश्न घोळायचा: यातला कोण मरणार? ही धास्ती उगाच नव्हती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी दोन पुरुषांच्या प्रेमाची ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली, पण ती छापून आली १९७१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. कथेतले दोघं शेवटी एकत्र राहतात, हीच अडचण होती. नायकाला फासावर लटकवलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं, अशा अर्थाचं फॉर्स्टर यांनी स्वतःच टिपणात लिहून ठेवलंय. सुखाचा शेवट करायचाच, हे मात्र त्यांनी सुरुवातीपासून ठरवलं होतं.

रोमान्स या प्रकाराने हाच हट्ट नियम करून टाकला. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखक-संघटनेच्या व्याख्येत दोनच अटी आहेत: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. मग शेवट ठाऊक असताना वाचायचं कशाला? मलाही आधी तसंच वाटायचं. पण धास्ती गेली की लक्ष बारीकसारीक गोष्टींकडे जातं. ‘काय होणार’ हा प्रश्न मिटतो आणि ‘कसं होणार’ याची गंमत सुरू होते. गंभीर कादंबरी तुम्हाला जास्त देते, यात वाद नाही. भाषा, काळ, माणसाचा तळ. ती मागतेही जास्त. मन आधीच जड असेल तेव्हा ती वाचू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता दुसरी, झटपट तऱ्हा. तिला हलकं समजायची एक खोड स्लो-बर्नवाल्यांना असते. ती मला पटत नाही. शरीरं आधी जवळ येतात तेव्हा कथेचा पेच वेगळा असतो: सगळं झालंय, फक्त ‘मला तू आवडतोस’ एवढं तोंडातून निघत नाही. तीही एक प्रकारे मंद आचच, फक्त भांडं वेगळं. वेग हवा असेल, तणाव हवा असेल, शृंगार मोकळेपणाने लिहिलेला हवा असेल तर सरळ तिकडे जा. अशा वेळी उगाच हळू पेटणारं पुस्तक घेतलंत तर शंभराव्या पानावर ‘अरे बोला की आता!’ असं ओरडाल आणि पुस्तक मिटाल. बरेच जण याच कारणाने स्लो-बर्नवर फुली मारतात.

स्लो-बर्न म्हणजे नुसता उशीर नव्हे. एक प्रसंग घ्या, माझ्याच मनातला. दोघं एका कार्यालयात, रात्री उशिरापर्यंत कसलासा अहवाल पुरा करताहेत. एकाचा डोळा लागतो, चष्मा नाकावरून घसरून तिरका झालेला. दुसरा तो अलगद काढतो, काडी दुमडायला जातो आणि थांबतो, कारण काचेवर बोटांचे ठसे आहेत. शर्टाच्या टोकाने तो काच पुसतो. दिव्याकडे धरून बघतो. पुन्हा पुसतो. मग त्याच्या लक्षात येतं की काच केव्हाच स्वच्छ झाली आहे. बस, एवढंच. झटपट कादंबरीत हा प्रसंग एका ओळीत संपेल, किंवा नसेलच. इथे तो दीड पान चालतो आणि वाचणाऱ्याचा श्वास अडकतो. पुढे साठ पानांनी पहिला सहज म्हणतो, ‘हल्ली माझा चष्मा फार स्वच्छ असतो,’ आणि दुसरा कानापर्यंत लाल होतो. पेरलेलं उगवताना पाहायचं हे सुख ज्याला आवडतं, त्याच्यासाठीच ही तऱ्हा आहे.

पण हे तर स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेतही होतं, मग दोन पुरुषांच्या कथेत वेगळं काय? माझ्या मते बरंच काही. तरुण स्त्री-पुरुष तिसऱ्या पानावर एका छत्रीत आले की आजूबाजूच्या सगळ्यांना संशय येतो, वाचकालाही आणि त्या दोघांनाही. दोन पुरुष एका खोलीत वर्षभर राहिले तरी कोणाच्या भुवया उंचावतीलच असं नाही. मैत्रीच्या पांघरुणाखाली सगळं लपतं, कधीकधी स्वतःपासूनही. ‘तो माझ्याशी असा वागतो, की सगळ्यांशीच?’ याच्या खाली इथे आणखी एक प्रश्न असतो: ‘त्याला पुरुष आवडतात तरी का?’ आणि काही वेळा तिसराही: ‘मला?’ म्हणजे पेच तीन थरांचा. शिवाय पाऊल आधी कोणी टाकायचं, याचा तयार संकेत नसतो. म्हणून इथली दिरंगाई लेखकाने ओढूनताणून आणलेली वाटत नाही, ती परिस्थितीतूनच येते. हे दोन्ही प्रकार वाचून मी या निष्कर्षाला आलोय, तुम्हाला पटेलच असं नाही.

जाता जाता एक मराठी वाचकाची गंमत. या प्रकारातली बहुतेक पुस्तकं आपण इंग्रजीत वाचतो, आणि इंग्रजीत ‘तू’ नि ‘तुम्ही’ला एकच शब्द. आडनावाने हाक मारणारा माणूस एक दिवस पहिल्या नावाने हाक मारतो, त्यावर तिथे अख्खं प्रकरण उभं राहतं. मी मनातल्या मनात ते मराठीत ऐकतो आणि ‘अहो’चं ‘अरे’ नेमकं कुठे झालं, ते शोधत बसतो. काही पुस्तकांत ती जागा पहिल्या चुंबनाच्या कितीतरी आधी सापडते.

स्लो-बर्नच घ्यायचं ठरलं तरी त्यात पोटभेद आहेत, आणि चुकीचा निवडलात तर पस्तावाल. मी एकच गोष्ट बघतो: या दोघांना अडवतंय काय?

मित्रांचे प्रियकर होतात ती जात सगळ्यात संथ आणि सगळ्यात उबदार. अडसर असतो तो मैत्री गमावण्याच्या भीतीचा. ही भीती खरी असते, म्हणून तीनशे पानं तग धरते. वैऱ्यांचे प्रियकर होतात तिथे संवाद चुरचुरीत, वेग बरा. मात्र वैर कशाचं आहे ते पाहा. नोकरीतली चढाओढ, जुनी थट्टा, दोन संघ इथवर ठीक. एकाने दुसऱ्याचा खरोखर छळ केला असेल आणि शेवटी एका ‘सॉरी’वर सगळं मिटत असेल, तर मला ते पचत नाही. तिसरा प्रकार खोट्या नात्याचा, म्हणजे फेक डेटिंगचा. काहीतरी कारणाने दोघांना जोडपं असल्याचं नाटक करावं लागतं आणि नाटक अंगाशी येतं. हसायचं असेल तर याला तोड नाही. लोकांसमोर हात धरायची मुभा आहे, एकांतात नाही. स्लो-बर्नचा सगळा नियमच उलटा टांगलेला! पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी हाच प्रकार सुचवतो.

आणि टाळायचं काय? जो अडसर एका फोनने सुटला असता, तो. अर्धवट ऐकलेलं वाक्य, न वाचलेली चिठ्ठी, ‘तो कोणाबरोबर तरी दिसला’. अशा गैरसमजावर दीडशे पानं रेटली की मंद आच नव्हे, गॅसच बंद आहे असं समजावं. याचा सख्खा भाऊ म्हणजे पुस्तकाच्या शेवटच्या पाव भागात येणारी ठरीव ताटातूट. इतके दिवस समजूतदार असलेली माणसं अचानक अक्कल गहाण टाकतात, कारण पुस्तक संपायला अजून साठ पानं असतात. उत्तम पुस्तकंही इथे घसरतात.

आधुनिक काळातलं घ्यावं की ऐतिहासिक? हलकंच हवं असेल तर आधुनिक. ऐतिहासिक कथेत कायदा दाराशी उभा असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन पुरुषांचे संबंध गुन्ह्यातून वगळले गेले ते १९६७ मध्ये, तेही दोघं एकवीस वर्षांवरचे आणि खासगीत असतील तरच. त्याआधीच्या काळातली कथा हसरी ठेवायची तर लेखकाला आडोसा उभारावा लागतो: विश्वासातला मित्रपरिवार, सगळं ओळखून गप्प बसणारी बहीण, ‘धंद्यातले भागीदार’ म्हणून घेतलेलं एकत्र घर. हे जमलं तर त्या संयमाला कारण मिळतं आणि कथेला वजन येतं. साधी हाताची पकडही तिथे धाडस ठरते. नाही जमलं तर एक तर पोशाखी नाटक होतं, नाहीतर परत पहिल्या तऱ्हेची, गंभीर कादंबरीची उदासी.

शब्दांपेक्षा चित्रं जवळची वाटत असतील तर अ‍ॅलिस ओसमन यांची ‘हार्टस्टॉपर’ आहे. २०१६ मध्ये वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवरची चित्रकथा म्हणून ती सुरू झाली. शाळकरी मुलांची गोष्ट आहे, त्यामुळे प्रौढांचे पेच तिथे शोधू नका.

फुकट आणि अमर्याद हवं असेल तर फॅन फिक्शन, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथा. खरं तर या सगळ्याचं एक मूळ तिथेच आहे. १९७० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथा-मालिकेचे चाहते तिच्यातल्या कर्क आणि स्पॉक या दोन नायकांच्या प्रेमकथा लिहून सायक्लोस्टाइल केलेल्या अंकांतून वाटायचे. दोन नावांमधल्या तिरक्या रेघेवरून या लेखनाला ‘स्लॅश’ नाव पडलं. आज ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या २००९ मध्ये खुल्या झालेल्या ऑनलाइन संग्रहात ‘स्लो बर्न’ हा टॅग लावून शोधलं की आयुष्य पुरणार नाही एवढं सापडतं. प्रकरणागणिक लिहिलं जाणारं लेखन आपोआप लांबतं, ताणतं, वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत तडफडत ठेवतं. छापील कादंबरीपेक्षा इथली आच कितीतरी मंद. धोका एकच: कथा अर्धवट सोडून लेखक गायब. ‘पूर्ण’ असा शिक्का बघितल्याशिवाय मी हात लावत नाही, दोनदा पोळलोय.

एक जुनी तक्रारही खरी आहे, की या पुस्तकांतलं जग फार गोड असतं. सगळे मित्र हजरजबाबी, आया समजूतदार, वाईट माणूस फक्त एक, तोही वरिष्ठ. काही गे वाचक म्हणतात, ‘हे आमचं आयुष्य नव्हे’. काही म्हणतात, ‘म्हणूनच तर वाचतो’. मी दोघांशीही वाद घालत नाही.

शृंगार किती, हे मात्र आधी तपासा. स्लो-बर्न म्हणजे सोवळं असा समज करून कोणाला पुस्तक भेट देऊ नका. काही पुस्तकं दार बंद होताच प्रकरण संपवतात, काही तीनशे पानांची उधारी एका प्रकरणात व्याजासकट फेडतात. परीक्षणांत आणि टॅगमध्ये याचा उल्लेख हमखास असतो.

तरीही ठरत नसेल तर पुस्तकाची नमुना पानं उघडा आणि दोघांच्या पहिल्या भेटीचा प्रसंग तेवढा वाचा. दिसण्याची वर्णनं सोडून द्या, संवाद बघा. एकाच्या बोलण्याने दुसरा किंचित चिडला, त्याने उत्तर द्यायला नको होतं तरी दिलं, आणि ते उत्तर वाचून तुम्हाला हसू फुटलं, तर हे दोघं तुम्हाला चारशे पानं पुरतील. हसू आलं नाही तर दुसऱ्या, झटपट तऱ्हेकडे जा. तिथले दोघं एव्हाना अंथरुणात पोचलेही असतील.