सर, तुम्हीच तर शिकवलंत

31 वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे हे लिहिताना कान तापतायत. पण ज्या साखळी योजनेवाल्यांनी मला फसवलं तीच मंडळी आता पलीकडच्या तालुक्यात नवं नाव लावून बसलीयत असं परवा कळलं. म्हणून लिहितो.

नोनी ज्यूस, म्हणजे नोनी नावाच्या फळाचा रस. आपल्याखाली लेफ्ट-राइट माणसं जोडायची, पेअर जुळली की चेक, वर लीडर, खाली डाउनलाइन, म्हणजे आपण आणलेली माणसं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण बोलवायला आला तो माझाच विद्यार्थी. दारातच वाकून नमस्कार, काकूंच्या गुडघ्यांची चौकशी, आणि "सर, फक्त एक तास".

तालुक्याच्या मंगल कार्यालयात शे-दीडशे माणसं होती. पडद्यावर सिंकोनाच्या सालीचं चित्र आलं आणि पठ्ठ्यानं माइक थेट माझ्यापुढे धरला. "आमचे सर इथं बसलेत. सर, क्विनीन कशापासून मिळतं?" मी उठलो. सिंकोनाची साल, 1820, पॅरिसमधले दोन औषधशास्त्रज्ञ, सगळं धडाधड सांगितलं. वर न विचारता भर घातली की सिंकोना कॉफीच्याच कुळातला, आणि पूर्वी आमांशावर ज्याची इंजेक्शनं देत ते इमेटिनही त्याच कुळातल्या एका झुडपाच्या मुळांतून येतं. टाळ्या पडल्या. आयुष्यात एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

लगेच पुढचं चित्र. कॉफीचं कूळ: कॅफीन, क्विनीन, इमेटिन आणि चौथं झेरोनिन, म्हणे नोनीतलं. मधुमेह, संधिवात, कॅन्सर, सगळ्यावर.

इथं, नेमकं इथं मी तोंड उघडायला हवं होतं. पहिली तीन नावं खरी, चौथं त्यांच्या रांगेत उभं केलेलं. क्विनीनच्या रेणूत 20 कार्बन, 24 हायड्रोजन, 2 नायट्रोजन, 2 ऑक्सिजन, हे मी पोरांकडून घोकून घेतलं. मग झेरोनिनचं सूत्र काय, एवढं विचारायला काय झालं होतं? एका संशोधकानं मांडलेली ती कल्पना आहे, रेणूची रचना कधी प्रसिद्धच झाली नाही, हे मला नंतर कळलं. आणि कुळाचं म्हणाल तर गेळफळही त्याच कुळातलं. ते वैद्य ओकारी काढायला देतात. भावकी एक म्हणून गुण एक होत नाही. पण टाळ्या चालू होत्या आणि मी मान डोलावत होतो. माझ्यामुळे त्या दिवशी किती जणांनी पैसे भरले असतील कोण जाणे.

पहिलं किट 12,600 रुपयांचं, 6 बाटल्या. महिन्याभरात गोल्ड पॅकेज: 40 बाटल्या, 86,000. मी हव्यासापोटी गेलो नव्हतो, पेन्शन पुरते आम्हाला. हिच्या गुडघ्यांसाठी गेलो. बरं, गोल्ड पॅकेज गुडघ्यांसाठी नव्हतं, हे मान्य. माझ्या शब्दावर दोन जुने सहकारी आणि मेव्हणी आत आली, प्रत्येकी 12,600. कमिशन म्हणून मला दोनदा मिळून 7,350 आले. मग ॲप बंद, फोन बंद.

बाटलीवरचं चित्र पाहून ही पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अहो, ही तर बारतोंडी!" आमच्या परसात कुंपणाला ते झाड आहे. फळं पिकून पडली की असा आंबूस वास सुटतो की नाक धरावं लागतं. पूर्वी आल म्हणून याच्या मुळांचा लाल रंग काढत. मी तिला सांगितलं, "ताहितीची वेगळी असते." हे मी सांगितलं. कुणी शिकवलं नव्हतं.

हिला किडनीचा त्रास आहे. डॉक्टरांनी नारळपाणीसुद्धा बंद केलेलं, आणि मी रोज सकाळी मापानं ज्यूस देत होतो. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि कमजोर किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही. पाचव्या आठवड्यात पायांतली ताकद गेली. रक्तात पोटॅशियम 6.4, म्हणजे धोक्याइतकं जास्त. तीन दिवस आयसीयू, बिल 41,300. घरात कुणाची किडनी नाजूक असेल तर कसलाही 'नैसर्गिक' रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणणारा कितीही जवळचा असो.

आता सरकार दरबार. पोलीस ठाण्यात उत्तर: "सर, तुम्ही स्वखुशीनं पैसे दिलेत, माल मिळालाय." अर्जावर शिक्का मिळावा म्हणून चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला अंमलदारानं हळूच विचारलं, "पण सर, गुडघ्याला फरक पडतो का?" 1978 चा मनी सर्क्युलेशन (माणसं जोडून पैसे फिरवण्याच्या योजना) बंदीचा कायदा आहे, 2021 च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजना आणि प्रवेश फी दोन्ही बंद केलीयत. मी झेरॉक्स घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "फाइलला लावून ठेवा." आर्थिक गुन्हे शाखेत गेलो तर रक्कम लहान, आणखी तक्रारदार आणा. अन्न व औषध प्रशासनात सीलबंद बाटली मागितली, लेबल वाचलं आणि म्हणाले, यावर रोगाचं नावच नाही. नसणारच! कॅन्सर लेबलवर लिहीत नाहीत, हॉलमध्ये बोलतात. 1954 च्या कायद्यानं असल्या जाहिरातीला बंदी आहे म्हटलं, तर पुरावा काय? म्हणून सांगतो, अशा सभेत गेलातच तर मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. एक बाटली न फोडता ठेवा. रोख देऊ नका. माझे 86,000 रोख होते आणि पावती साध्या कागदावर. बाटलीवरचा 14 आकडी परवाना क्रमांक खाद्यपदार्थाचा असतो, औषधाचा नव्हे. मला तो दाखवूनच गप्प केलं होतं.

दोघा सहकाऱ्यांचे 25,200 मी पदरचे फेडले. मेव्हणी पैसेही घेत नाही आणि बोलतही नाही. कमिशन वजा जाता एकूण 1,57,750 गेले. विद्यार्थ्याची आई बाजारात भेटली, म्हणाली, त्याचेही दोन लाख अडकलेत. खरं असेल, नसेल.

माळ्यावर 29 बाटल्या आहेत. तक्रारीवर आम्हा चौघांची नावं आहेत, साहेब दहा मागतायत. त्या दिवशी हॉलमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर आपली पावती घेऊन या. साधा कागद असला तरी चालेल.