गर्भपिशवीच्या कर्करोगाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : नागपूरच्या एका विभागाचा अनुभव

पाळी जाऊन बरीच वर्षे झाल्यावर आईला पुन्हा रक्तस्राव सुरू झाला आणि यवतमाळला केलेल्या बायोप्सीत गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग निघाला. आमच्या दारव्हा तालुक्यातून अशा वेळी सावंगी, सेवाग्राम नाहीतर नागपूर गाठावे लागते. आम्ही नागपूरच्या ज्या रुग्णालयात गेलो त्याविषयी तक्रारीही लिहायच्या असल्याने नाव देत नाही.

त्याआधी एका खासगी दवाखान्यात ‘दुर्बिणीने करून टाकू, तिसऱ्या दिवशी घरी’ असे सांगण्यात आले होते. तेथे पिशवीच्या शस्त्रक्रिया पुष्कळ होतात, पण कर्करोगाची पिशवी काढणे हे निराळे काम आहे. पेशी पोटात सांडू नयेत म्हणून ती तुकडे न करता अखंड बाहेर काढावी लागते आणि गरजेप्रमाणे कमरेतील मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्या लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात. यातले काही त्या दवाखान्यात कोणी बोलले नाही.

नागपूरच्या डॉक्टर मॅडमना मी सरळ विचारले की अशा शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः किती करता. त्या रागावल्या नाहीत. केसपेपरच्या मागे पिशवीचे चित्र काढून त्यांनी छिद्रे कुठे पडतील, शस्त्रक्रिया कोण करील, मदतीला कोण असेल आणि आतडी चिकटलेली असली किंवा रक्तस्राव आवरला नाही तर पोट केव्हा उघडतील, हे सांगितले. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत दुर्बिणीने सुरू केलेल्या सुमारे २६ टक्के शस्त्रक्रिया पोट उघडून पूर्ण कराव्या लागल्या होत्या. तेव्हा ‘आमच्याकडे तशी वेळच येत नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा ही तयारी मला अधिक भरवशाची वाटली.

त्याच वॉर्डात गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग असलेल्या एका बाईंना मात्र याच मॅडमनी पोट उघडूनच शस्त्रक्रिया सुचवली. नातेवाईक नाराज झाले, पण त्यामागे कारण आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ६३१ स्त्रियांच्या चाचणीत साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्यांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, तर दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या शस्त्रक्रियेत ८६ टक्के होते. सहभागी सर्जनांना आधी आपल्या शस्त्रक्रियांच्या नोंदी आणि न कापलेले व्हिडिओ दाखवावे लागले होते, म्हणजे ते नवशिके नव्हते. अस्तराच्या कर्करोगात तसा फरक दिसलेला नाही; २०१७च्या चाचणीत हेच प्रमाण दोन्हीकडे ८१ टक्क्यांच्या आसपास होते. हात बसलेला असूनही दुर्बीण बाजूला ठेवणाऱ्या सर्जनच्या अनुभवाला मी अधिक मानतो.

आईची शस्त्रक्रिया दुर्बिणीतूनच पूर्ण झाली, दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात चालू लागली आणि शस्त्रक्रियेचा खर्च जन आरोग्य योजनेत बसला. बाकी व्यवस्था यथातथाच आहे. बाह्यरुग्ण विभागात अख्खा दिवस जातो, नातेवाइकांना रात्री व्हरांड्यातच पथारी टाकावी लागते, आणि सुटीचा कागद पूर्ण इंग्रजीत असल्याने जखमेच्या काळजीच्या सूचना मला परिचारिकेकडून मराठीत लिहून घ्याव्या लागल्या. पॅथॉलॉजीचा अहवाल तयार झाल्याचे फोनवर कळत नाही, त्यासाठी खेपा घालाव्या लागतात. बाहेरगावच्या रुग्णाने रेशनकार्ड आणि आधारची मूळ प्रत पहिल्याच भेटीत बरोबर ठेवावी, कारण योजनेच्या खिडकीवर झेरॉक्स चालवून घेत नाहीत.